पगाराच्या मानाने

आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. स्वस्त दारूचं दमण इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे डहाणूत असे गृहस्थ एकच आहेत असंही नाही. त्यांनी गेल्या पाडव्याला दारू कमी करण्याचा संकल्प सोडला. दिवाळीत भेटले ते रस्त्याच्या दोन्ही कडा मोजतच. म्हटलं, संकल्पाचं काय झालं? तर म्हणाले, "केली की कमी! पगार दुप्पट झाला, दारू दीडपट. पगाराच्या मानाने बघाल तर पाव हिस्सा उतरली."

हसू नका. देशाने जगाला लिहून दिलेला शब्द याच हिशेबातला आहे. २ ऑक्टोबर २०१५ ला आपण कळवलं, की २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता ३३ ते ३५ टक्क्यांनी खाली आणू. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ४५ टक्के केला. यातला कळीचा शब्द 'तीव्रता'. देशाच्या कमाईच्या दर रुपयामागे किती धूर, तो हा आकडा. एकूण धूर वाढला तरी चालतं, कमाई त्याहून वेगाने वाढली म्हणजे झालं. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांनी दीडशे वर्षं पिंपाने ढोसली त्यांनी आता सोडावॉटर हातात धरून आपल्याला उपदेश करायचा, आणि ज्याच्या पाड्यावर अजून धड दिवा नाही त्याने एकूण धूर मोजायचा, हा न्याय नव्हे. देशासाठी तो हिशेब ठीक आहे. माझं दुखणं एवढंच, की हे 'मानाने' वरून खाली पाझरत आलं आणि खालच्या प्रत्येक खात्याला त्याची चटक लागली.

मग १ नोव्हेंबर २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पाच वचनं दिली आणि त्यांना 'पंचामृत' म्हटलं. ५०० गिगावॉट बिनकोळशा-बिनतेलाची वीजक्षमता, २०७० पर्यंत निव्वळ शून्य वगैरे. नाव अगदी नेमकं पडलं. पंचामृत कोणी वाटीभरून पीत नाही. पळीने हातावर घ्यायचं, तोंडाला लावायचं, ओला हात केसांवरून फिरवायचा. गाभाऱ्यातून निघालेली ती पळी दिल्ली, मुंबई, पालघरचं जिल्हाधिकारी कार्यालय, पंचायत समिती अशी रांगेतून सरकत तलासरीच्या पाड्यावर पोचते तेव्हा तिच्यात काय उरलेलं असतं?

ई-प्लेज उरलेली असते. राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण मिळतात, आणि त्यात लोकांकडून ऑनलाइन शपथा भरून घ्यायच्या असतात. बेत वाईट नाही. पण एका ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर (कुठल्या ते राहू द्या) मी पाऊण तास उभा होतो, कारण ग्रामसेवक भाऊसाहेब रेंज शोधत मोबाइल उंच धरून आंब्याखाली फिरत होते. गावाच्या शपथा कमी भरत होत्या. कचेरीच्या भिंतीवर पृथ्वी होती, तिच्या तोंडात थर्मामीटर होतं, आणि शेजारी ध्रुवीय अस्वल काढलं होतं, तेही वारली पद्धतीत, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून. अस्वलाच्या हातात तारपा नव्हता, एवढीच कसर. भिंतीला टेकून चौघी बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. त्या जलतत्त्वाची वाट बघत होत्या.

आता वरच्या मजल्यावर चला. हवामानाच्या वचनांचं काम क्षेत्रवार वाटलेलं असतं: ऊर्जा, वाहतूक, उद्योग, वने, शेती. प्रत्येक क्षेत्राला एक खातं, आणि मराठी भाषेची कमाल अशी की खातं म्हणजे सरकारी विभागही आणि वहीतलं पानही. प्रत्येक खातं आपापलं पान हिरवं करून दाखवतं. वही मात्र डहाणूच्या टेबलावर येऊन पडते, आणि इथे बेरीज लागत नाही.

ऊर्जेचं पान बघा. डहाणूचं थर्मल, २५० मेगावॉटचे दोन संच, पावणेतीनशे मीटरची चिमणी. १९९५-९६ ला चालू झालं तेव्हा बीएसईएसचं, मग रिलायन्सचं, २०१८ पासून अदानींचं. मालक बदलले, बोर्ड बदलले, गावाच्या तोंडी ते अजून 'बीएसईएस'च. वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. आमचे दिवे महावितरणचे, त्यामुळे ते जातात तेव्हा चिमणीकडे बघून हळहळण्याचीही सोय नाही. २०२१ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने ग्राहकांसाठी हरित दर ठरवला: युनिटमागे ६६ पैसे जास्त भरा आणि तुमची वीज हिरवी झाल्याचं प्रमाणपत्र घ्या. अंधेरीतल्या माणसाने ते जादा पैसे भरले की त्याच्या एसीची हवा थेट जैसलमेरच्या उन्हाची. चिमणी कोणाच्या नावावर मग? ती डहाणूच्या नावावर. जीआय मानांकनासारखी. ते आम्हाला २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूसाठी मिळालंच आहे, चिमणीसाठीही मागायला हरकत नाही.

पण या चिमणीची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण टवाळी करत बसलो की माणूस कृतघ्न होतो.

थर्मलला परवानगी मिळाली १९८९ मध्ये, तेव्हाच धुरातला गंधक धुऊन काढणारं यंत्र, म्हणजे एफजीडी, बसवण्याची अट होती. अट कागदावर राहिली. २० जून १९९१ ला केंद्राने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. भोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखीव आणि उद्योगांना मिळून फार तर ५०० एकर जागा. तीही अधिसूचना कागदावर राहिली. मग पर्यावरणवादी बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले, इथल्या नर्गिस इराणींसारख्या बाया कागदपत्रांची भेंडोळी घेऊन तारखांमागून तारखा फिरल्या, आणि न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या आदेशावरून त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, खादीतला माणूस. प्राधिकरणाने १९९९ मध्ये कंपनीला सांगितलं, यंत्र बसवा. कंपनी म्हणाली, आमच्या कोळशात गंधकच कमी. प्राधिकरण म्हणालं, बसवा. कज्जे झाले, शेकडो कोटींच्या बँक हमीची भाषा झाली. आठ वर्षं हे चाललं आणि २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारं ते यंत्र उभं राहिलं.

कोणी जाणकार लगेच बोट वर करेल की गंधक वेगळा, कार्बन वेगळा, हे हवामानाचं उदाहरणच नव्हे. कबूल. मुद्दा यंत्राचा नाही, ते उभं कसं राहिलं याचा आहे. १९८९ च्या अटीला लोखंड आणि पाइप व्हायला अठरा वर्षं लागली, आणि तेही कधी? अटीमागे एक नावागावाचा माणूस उभा राहिला, तारीख पडली आणि पैसे अडकले तेव्हा.

देशाचं काय झालं तेही ऐका. ७ डिसेंबर २०१५ ला केंद्राने सगळ्याच कोळसा संचांना गंधकाची मर्यादा घालून दिली. बरोबर पाच दिवसांनी पॅरिसचा करार झाला, म्हणजे मुहूर्त काय साधला होता! मुदत होती दोन वर्षांची. २०१७ उजाडलं, मुदत पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. मग अ, ब, क असे वर्ग पडले. मग आणखी पुढे. आणि २०२५ च्या जुलैत शंभरातल्या जवळजवळ अठ्ठ्याहत्तर संचांना सांगण्यात आलं की यंत्र बसवलं नाही तरी चालेल. कारणांमध्ये एक होतं: आपल्या कोळशात गंधकच कमी. डहाणूत १९९९ मध्ये जे उत्तर चाललं नाही, ते सव्वीस वर्षांनी राष्ट्रीय धोरण झालं. त्याच जुलैत दुसरी आनंदवार्ता आली, की देशाच्या वीजक्षमतेत बिनकोळशाचा वाटा ५० टक्क्यांवर गेला, तोही वायद्याच्या पाच वर्षं आधी. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. फक्त तिच्यात 'क्षमता' हा शब्द आहे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपासच आहे. आमचे गृहस्थही सांगतात, घरात निम्म्या बाटल्या सरबताच्या आहेत म्हणून.

धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत गेले.

आता उद्योगाचं पान. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला भिंतीवर चिकटवलेला फुगा इथला असू शकतो. फुग्याचा कारखाना हा उद्योग. त्याला हिरवा, नारिंगी, लाल अशा वर्गात बसावं लागतं. आणि इथल्याच किनाऱ्यावर होऊ घातलेलं वाढवणचं बंदर? समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, त्यासाठी दमणच्या समुद्रातून वीस कोटी घनमीटर वाळू, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत, ७६,२२० कोटी रुपये खर्च. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलं, की बंदर हा उद्योग नाही. मग काय आहे? छंद? १९९८ मध्ये याच जागेवरच्या बंदराला धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने नाही म्हटलं होतं. ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने हो म्हटलं. समुद्र तोच, घोळ-दाढा माशांच्या विणीच्या जागा त्याच, अधिसूचना तीच. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली.

बंदर हिरवं असणार आहे, हे सांगायला नको. केंद्राच्या बंदर खात्याची 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली. लक्ष्य असं, की मालाच्या दर टनामागचा कार्बन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी खाली आणायचा. आलं का लक्षात? दर टनामागे. वाढवणच्या खडकावर आज माल शून्य टन, म्हणून कार्बनही शून्य. बंदर पूर्ण झालं की वर्षाला २९.८ कोटी टन. क्रेन विजेवर चालतील, छपरांवर पॅनेल लागतील, अहवालाच्या मुखपृष्ठावर कासव असेल. टनाच्या मानाने बघाल तर काही बोलायला जागा नाही.

वाहतुकीच्या पानावर तर हिरव्या शाईचा पूर आहे. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग हवा, कारण ट्रक कमी होतील. बरोबर. बुलेट ट्रेन हवी, कारण विमानं कमी होतील. असेल. मुंबई-वडोदरा एक्स्प्रेस-वे हवा, कारण ४८ नंबरच्या हायवेवरची कोंडी कमी होऊन डिझेल वाचेल. तेही असेल. तिघांसाठीही जमीन याच पट्ट्यातली गेली. चौथा तो ४८ नंबर इथेच आहे, आणि मी तलासरीच्या अलीकडे दोन तास ट्रकांच्या रांगेत बसून पुढच्या कंटेनरवर रंगवलेलं 'झाडे लावा' पाठ केलेलं आहे. एवढे मार्ग झाले, पण बुलेट ट्रेन विरारनंतर बोईसरला थांबेल आणि मग एकदम वापीला. तलासरीवाल्याने बघून टाटा करायचा. विमानाची तिकिटं सोडून बुलेटमध्ये बसणारे इथून किती, हे मी विचारत नाही. इथला तरुण खलाशी म्हणून वेरावळ-पोरबंदरच्या बोटीवर जातो, कधीकधी तिथून पाकिस्तानच्या तुरुंगात. त्याच्या प्रवासाचा कार्बन कोणत्या खात्यात धरायचा?

वनांच्या पानावर वचन आहे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड झाडांत साठवण्याचं. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधली सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायला परवानगी दिली. आधीची मागणी ५३ हजारांहून जास्त झाडांची होती, म्हणजे मागणीच्या मानाने बघा, निम्म्याहून कमी! बदल्यात पाचपट लावू म्हणतात. मी रोपांच्या विरोधात नाही. पण खाडीच्या तोंडाशी चिखलात रुजलेल्या झाडाला दुसऱ्या खाडीतलं रोप म्हणजे सख्खा भाऊ असं मानणं फक्त वहीतच जमतं.

शेतीचं पान थोडक्यात, कारण ते थोडक्यातच लिहिलेलं असतं. चिकूच्या वाडीत हवामान पोचतं ते विम्याच्या कागदातून. हवामान आधारित फळपीक विमा. पाऊस आणि हवेतली आर्द्रता ठरावीक आकड्यांच्या वर ठरावीक दिवस 'सलग' राहिली तर भरपाई. सगळी गोम त्या 'सलग' शब्दात आहे. पावसाने मध्ये एक दिवस दम खाल्ला की बुरशीला काही फरक पडत नाही, ती फळं गाळत राहते, पण हप्ता मात्र गेला. घोलवडच्या एका वाडीत माझ्यासमोर बागायतदार शेठनी झाडाखालचा सडा पायाने सारला आणि आभाळाकडे बघून म्हणाले, "याला पण फॉर्म भरायला सांगा."

वचनाची कृती कशी करायची, यावर हल्ली कार्यशाळा होतात. पंचतारांकित हॉटेलात, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक क्षेत्र. पुढची कार्यशाळा तलासरीजवळ झरीला घ्या, अशी माझी नम्र सूचना आहे. तिथे एक परिषद झाली होती. २३ मे १९४५, किसान सभा, पाचेक हजार वारली, गोदावरी आणि शामराव परुळेकर. ठराव साधा होता: उद्यापासून वेठ करायची नाही, मजुरीचे रोख बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर पाऊल टाकायचं नाही. पिकाच्या मानाने नव्हे, जमीनदाराच्या ऐपतीच्या मानाने नव्हे, २०७० पर्यंत टप्प्याटप्प्याने नव्हे. बारा आणे. लोक ठराव घेऊन आपापल्या पाड्यावर गेले आणि पिढ्यान् पिढ्यांची वेठ मोडीत निघू लागली. त्याची किंमतही मोजली गेली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. लिहिता-वाचता येणारे त्या परिषदेत किती होते कोण जाणे. शेतीक्षेत्रातल्या राष्ट्रीय वचनाची अंमलबजावणी तेवढ्या वेगाने नंतर कोणी केलेली माझ्या तरी बघण्यात नाही.

परवा धाकटी डहाणूला गेलो होतो. ऊन चांगलं तापलेलं. किनाऱ्यावर बांबूंना आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर बोंबील, दोन-दोन, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. शंभर टक्के सौर आणि पवन, साठवणुकीसह. बॅटरी लागत नाही, अनुदान नाही, आयात पॅनेल नाही. कोणत्याही खात्याच्या यादीत हे क्षेत्र नाही, आणि अवकाळी एक सर आली की आठवड्याचा माल कुजतो, त्याचाही रकाना नाही. पलीकडे क्षितिजावर चिमणी दिसत होती, आणि दक्षिणेला बोट दाखवून मला एकाने वाढवण कुठे ते सांगितलं.

एक मावशी वाळलेला माल उतरवत होत्या. म्हटलं, शंभर द्या, पण भाव जरा कमी करा, मागच्या खेपेपेक्षा बोंबील बारीक आहेत.

"बारीकच येतात आता."

"मग लांबीच्या मानाने तरी भाव लावा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तशीच मांडी घातली, पुढ्यात कागद पसरला आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. सतराव्याला एक मोडका निघाला, तो बाजूला टाकून त्यांनी पुन्हा सतराच म्हटलं.